ट्रिगर हलका करण्याआधी

ग्लॉक पिस्तुलाच्या ट्रिगरची ओढ (तो दाबायला लागणारे बळ) कमी करण्यासाठी सर्वप्रथम हलकी स्ट्रायकर स्प्रिंग, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेला पुढे ढकलणारी स्प्रिंग, बसवावी, ही सूचना मला पटत नाही. ती स्प्रिंग हलकी केली की स्ट्रायकरचा आघातही क्षीण होतो आणि कठीण प्रायमरचे (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीचे) काडतूस न उडण्याची शक्यता वाढते. स्वसंरक्षणासाठीच्या पिस्तुलात तर हा धोका मुळीच पत्करू नये. त्याऐवजी आधी कनेक्टर बदलावा. ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली पट्टी) ज्या तिरप्या पत्र्यावरून खाली सरकून स्ट्रायकरला मोकळे करतो, तो पत्रा म्हणजेच कनेक्टर; त्याचा कोन बदलल्याने सुमारे २.५ किलोंची ओढ २ किलोंच्या आसपास येते आणि स्ट्रायकरच्या आघाताला धक्का लागत नाही. माझ्या मते नेम बिघडतो तो वजनापेक्षा गोळी सुटण्याआधीच्या खरखरीत, अडखळत्या चालीमुळे, आणि ती भरपूर ड्राय फायरनेही (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढण्याच्या सरावानेही) बरीच गुळगुळीत होते.

सिअरवर (स्ट्रायकरला अडवून धरणाऱ्या भागावर) घरी कानस चालवू नये, ही कळकळीची विनंती. कोणताही भाग बदलल्यावर पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून फायरिंग पिन सेफ्टी (ट्रिगर ओढेपर्यंत स्ट्रायकरला रोखणारी), ट्रिगर सेफ्टी (ट्रिगरवरची पाती) आणि रीसेट (ट्रिगर पुढे येऊन पुन्हा सज्ज होणे) तपासावेत, आणि नेहमीच्या दारूगोळ्यावर रेंजवर पुरेशी चाचणी झाल्याखेरीज ते वापरात आणू नये.