900 ने भागून उत्तर येत नाही

मुंबई ते न्यूयॉर्क 12,500 किमी, विमानाचा वेग ताशी 900 किमी, म्हणजे 14 तास. मग तिकिटावर जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का, असं तुम्ही विचारलंय. अंतर बरोबर आहे. गडबड 900 मध्ये आहे, कारण तो वेग हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नाही.

दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात (जेट स्ट्रीम). हिवाळ्यात ताशी 200 किमी म्हणजे काही विशेष नाही. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. याचं भन्नाट उदाहरण म्हणजे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. 2016 मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वाऱ्याच्याच दिशेने, न्यायला सुरुवात केली. वाट हजारभर किमीने लांबली, तरी वेळ वाचला!

शिवाय 12,500 हे सरळ अंतर. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत आइसलँडच्या जवळून जातो. नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांना हे पटत नाही, आमच्या घरीही यावरून वाद झालाय. आता एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद, म्हणजे दोरा तिथेच तुटला. वळसा आलाच.

आणि हो, तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. वजाबाकी करण्याआधी उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक धरा.