बोडी ओस पडलं ते सोनं संपलं म्हणून, की आगीमुळे?

राजारामपुरीकर: कॅलिफोर्नियातल्या बोडी गावावर नववीच्या मुलांसाठी माहितीफलक करायचाय. एकीकडे वाचलं की १९३२ च्या आगीत गाव संपलं, दुसरीकडे म्हणतात सोनंच संपलं. फलकावर काय लिहू?

गुजरीकर: आग हे कारण अजिबात लिहू नका. १९१० च्या जनगणनेत तिथं ६९८ माणसं होती, १९२० ला १२०. आग लागली तेव्हा गाव आधीच बहुतेक रिकामं झालं होतं.

सोनं सापडलं १८५९ ला, पण पुढं पंधरा वर्षं गाव किरकोळच राहिलं. १८७५ ला खाणीत दरड कोसळली आणि आतला कसदार दगड उघडा पडला. मग स्टँडर्ड ही खाण कंपनी आली. १८८० च्या सुमारास वस्ती सात-आठ हजारांवर गेली असा अंदाज आहे. लगेच ओहोटीही लागली, कारण वरचा कसदार दगड आधी संपतो. कामगार मोंटाना, ॲरिझोनाकडं निघून गेले.

राजारामपुरीकर: मग सोनं संपलं असंच ना?

गुजरीकर: नाही, परवडेना झालं. मिलमध्ये, म्हणजे दगड कुटायच्या कारखान्यात, लोखंडी मुसळांखाली दगडाचा भुगा करून तो पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. सुटा कण पाऱ्याला चिकटतो. गंधकाच्या खनिजात अडकलेला किंवा अतिबारीक कण पाण्याबरोबर निसटतो. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, झारेकरी दुकानातली माती धुऊन सोनं काढतात, तसंच तिथं १८९० च्या दशकात टाकाऊ गाळातून सायनाइडनं सोनं विरघळवून जस्तावर उतरवू लागले. त्यानं गाव आणखी काही वर्षं तगलं.

पंचगंगा_काठ: इंधनाचंही लिहा, ते नेहमी सुटतं. गाव साधारण २,५५० मीटर उंचीवर, आसपास झाड नाही. बॉयलरचं सरपण आणि खाणीचे टेकू आणायला १८८१ ला ५१ किलोमीटरचा लोहमार्ग टाकावा लागला. पुढं स्टँडर्डनं जवळपास २१ किलोमीटरवरून पाण्यावरची वीज आणली, तेव्हा कुठं खर्च उतरला.

आणि सोन्याचा भाव! औंसाला २०.६७ डॉलर असा बांधलेला होता. पहिल्या महायुद्धात मजुरी, माल सगळं महागलं, भाव तिथंच. स्टँडर्डची खाण तर १९१३ लाच बंद पडली होती. १९१७ ला लोहमार्गही मोडीत निघाला. १९४२ ला युद्धासाठी सरकारनं सोन्याच्या खाणीच बंद करवल्या.

गुजरीकर: बरोबर. फोटो लावताना एक बघा: उतारावरची पत्र्याची मोठी इमारत खाण नव्हे, स्टँडर्ड मिल आहे. १८९८ ला जळाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा उभारलेली.