एप्रिलमधील हिमवादळानंतर व्यासकुंड : निघावे की थांबावे? सल्ला हवा

घाटवाट_पुणे : नमस्कार. आम्ही चौघे मनालीत असून सोलंग, धुंदी, बकरथाच या मार्गाने व्यासकुंडाला जाण्याचा बेत आहे. सह्याद्रीत बरीच वर्षे भटकंती झाली आहे, मात्र बर्फावरचा अनुभव केदारकंठापुरताच आहे. वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान प्रणालीमुळे) वरच्या भागात दोन दिवस सतत हिमवृष्टी होत असून उद्या दुपारी आकाश मोकळे होईल, असा अंदाज आहे. परवा पहाटे निघावे का?

हिमरेषा : परवा निघू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. आपल्याकडे पाऊस उघडला की वाट धरायची सवय असते; बर्फात मात्र वादळ ओसरल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस फार घातक असतात, कारण नव्याने साचलेला थर खालच्या, गोठून गुळगुळीत झालेल्या जुन्या थराला अजून नीट धरून बसलेला नसतो. त्यातच एप्रिलचे ऊन कडक असते. पहाटे बुटाखाली करकरणारा बर्फ दहा-अकरापर्यंत भिजून जड होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि उतारावरून बर्फाचे गोळे गडगडत येऊ लागले, तर तिथून तत्काळ दूर व्हावे. पाऊल टाकताच ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन भोवतालचा बर्फ किंचित खचला, तर आतला कमकुवत थर मोडला असे समजावे. प्रशिक्षणात मी तो आवाज ऐकला आहे. आमच्या प्रशिक्षकांनी एक शब्दही न बोलता सर्वांना आल्या पावलांवरून मागे फिरवले होते.

बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात आणि उताराचा कोन मोबाइलवरही मोजता येतो. तथापि धुंदीकडची वाट सौम्य आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वरच्या नाळांतून (डोंगरउतारावरील अरुंद, तीव्र घळींतून) सुटलेला बर्फ दरीच्या तळापर्यंत येतो. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथू ला मार्गावर सात पर्यटक हिमस्खलनात दगावले. ते कोणतेही शिखर चढत नव्हते, रस्त्यालगतच होते.

दरीखोरे : सहमत आहे. चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहा, त्यात कुल्लू जिल्ह्यासाठी काय म्हटले आहे ते वाचा. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे संकेतयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे असावे, कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत सोबतीच बाहेर काढू शकतात. बचाव पथक तोवर पोहोचत नाही. परदेशातून कोणी उपग्रह संदेशयंत्र आणले असेल, तर ते परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

घाटवाट_पुणे : मनःपूर्वक आभार. आमच्याकडे फावडेसुद्धा नाही. तीन दिवस थांबून, इशाऱ्याची पातळी खाली आल्यास आणि रात्री बर्फ घट्ट गोठत असल्यास, स्थानिक वाटाड्यासह केवळ बकरथाचपर्यंत जाऊन परतलो तर?

हिमरेषा : तसे करता येईल. पहाटे चारला निघा, नाळांची तोंडे एकेकाने अंतर ठेवून ओलांडा आणि नऊच्या आत परतीला लागा. वाटाड्या नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.