कन्नड भाषिक तरुणांसोबत युवक मंडळाचे उपक्रम : मार्गदर्शन हवे

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)
नमस्कार. आमचे युवक मंडळ मराठी भाषिक गावातले असून गणेशोत्सव, शिवजयंती आणि रक्तदान शिबिर यांपलीकडे आजवर फारसे गेलेले नाही. यंदा बैलहोंगल तालुक्यातील कन्नड भाषिक तरुणांच्या एका संघासोबत वर्षभराचे काम आखावे, असा आमचा विचार आहे. गावातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, कर्नाटकातील मराठी भाषिक सीमाभाग मिळावा म्हणून महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित असताना हे पाऊल उचलल्यास सीमाप्रश्नावर आपण सैल पडलो, असा अर्थ काढला जाईल. ही शंका आम्ही क्षुल्लक मानत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर १ (नंदगड परिसर)
निकाल काहीही लागला तरी आपली आणि त्यांची गावे जागची हलणार नाहीत, हे ज्येष्ठांना आदरपूर्वक सांगावे. राणी चन्नम्मांचे शूर सहकारी संगोळ्ळी रायण्णा यांचे गाव बैलहोंगल तालुक्यातले, आणि इंग्रजांनी १८३१ साली त्यांना फाशी दिली ती आपल्या नंदगडला. समाधीच्या परिसराची निगा दोन्ही गटांनी मिळून राखावी, जुन्या माणसांकडून आठवणी ऐकून त्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून काढाव्यात. इतके जवळचे निमित्त दुसरे सापडणार नाही.

उत्तर २ (बेळगाव शहर)
वरील सूचना उत्तम आहे, परंतु केवळ पुण्यतिथी-जयंतीपुरते भेटल्यास हारतुरे आणि छायाचित्रे यांखेरीज हाती काही राहत नाही, हा शहरातील अनेक मंडळांचा अनुभव आहे. तारखांचा विचार आधी करा : १ नोव्हेंबरला त्यांचा राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन असतो आणि सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा आपला काळा दिन, तेव्हा त्या सुमारास संयुक्त कार्यक्रम ठेवू नये. फलक, निमंत्रणपत्रिका आणि सभेचे इतिवृत्त दोन्ही भाषांत असावे, व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा झेंडा नसावा आणि सीमाप्रश्नावर प्रत्येकाने आपले मत राखावे, एवढे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या. ज्येष्ठांची शंका बहुतांशी याच कागदाने दूर होईल.

उत्तर ३ (निपाणी, शिक्षिका)
आपली मुले मराठी शाळेतही कन्नड शिकतात, पण त्यांच्या मुलांना मराठी शिकण्याची संधी सहसा मिळत नाही. त्यामुळे आपल्यातील चांगले कन्नड बोलणाऱ्यांनी त्या तरुणांना मराठी शिकवावे आणि त्यांनी आपले कन्नड पक्के करून घ्यावे. प्रत्येक भारतीयाने दुसऱ्या प्रांताची भाषा आपलीशी करावी, ही साने गुरुजींच्या आंतरभारतीची तळमळ होती. याशिवाय शेतीचा विषय घ्यावा, असे मला फार वाटते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आमच्या निपाणीजवळ महामार्गावर आंदोलन झाले, तेव्हा मराठी आणि कन्नड शेतकरी एकत्र बसले होते, कारण पडलेला भाव दोघांच्याही घरात सारखाच जाणवत होता.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. भाषा, तारखा आणि झेंड्यांविषयीचा मसुदा आधी ज्येष्ठांसमोर ठेवतो आणि त्यांची संमती मिळाली की बैलहोंगलच्या मित्रांना पाठवतो. कन्नड प्रत तपासून देणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.