एकच नमुना पुरतो का?

"तळोज्याच्या कारखान्यांजवळच्या बाळांची लघवी एकदा तपासली की कळेलच" असं एकानं म्हटलंय, म्हणजे कारखान्यांतली घातक द्रव्यं त्यांच्या अंगात गेलीत का ते. बिस्फेनॉल ए (प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं रसायन) शोधायचं असेल तर नाही कळणार. ते काही तासांत बरंचसं शरीराबाहेर पडतं, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळी टिकत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे नमुने हवेत.

शिशाचं निराळं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १ महिना लागतो, म्हणून एका नमुन्यालाही अर्थ असतो. फक्त टाच किंवा बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते. आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी.

आणि तुलनेला ठाण्यातल्या घोडबंदरच्या सधन टॉवरमधली बाळं नकोत हो! उत्पन्न, आहार, घराचा रंग, सगळंच वेगळं. फरक कारखान्याचा की गरिबीचा, कसं ठरवणार?