प्लेन्स, जॉर्जिया: राष्ट्राध्यक्षाचं गाव आणि वस्ती फक्त ५७३?

पेन्शनर_बुवा:
मंडळी, सध्या मुक्काम मुलीकडे कोलंबसला (जॉर्जियातलं. ओहायोतलं मोठं, ते नव्हे). परवा जावईबापूंनी हायवे २८० ने प्लेन्सला नेलं, जिमी कार्टरांचं गाव बघायला. १९७६ साली मी नोकरीत नवा होतो, तेव्हा पेपरात वाचलेलं अजून आठवतं, की ६८३ वस्तीच्या गावातला शेंगदाणेवाला अमेरिकेचा अध्यक्ष झाला. म्हटलं, एवढ्या वर्षांत गाव दहा हजारांचं तरी झालं असेल.

कसलं काय! एकमेकींना चिकटलेल्या विटांच्या दुकानांची एकच रांग, समोर रूळ, बाजूला लाकडी स्टेशन. दुखऱ्या गुडघ्यांनिशी रांगेचं हे टोक ते ते टोक मला तीन मिनिटं लागली. शेंगदाण्याचं आइस्क्रीम खाल्लं, तेरा फुटी हसऱ्या शेंगेपुढे फोटो काढून घेतला, संपलं गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती ५७३. म्हणजे वाढणं राहिलं बाजूला, उलट घटली! माणूस अध्यक्षपद संपल्यावर परत येऊन शेवटपर्यंत तिथेच राहिला, सरकारने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला, तरी असं का? त्या बाजूला कुणी राहतं का?

लालमाती:
बुवा, मी अमेरिकसला राहते, प्लेन्सहून दहा मैलांवर. सुगीत भुईमुगाच्या प्रतवारीच्या कामाला जाते, त्यामुळे तिकडची माती नखांत असते म्हणा ना.

तुम्ही उलट्या बाजूने बघताय. गाव अध्यक्षामुळे वसलेलं नाही, मग त्याच्यामुळे वाढेल कसं? त्याला वसवलं रुळांनी. त्याआधी ही जमीन मस्कोगी या मूळ रहिवाशांची, ज्यांना गोरे लोक 'क्रीक' म्हणत. १८२५-२६ च्या तहांत ती त्यांच्याकडून काढून घेतली आणि १८२७ मध्ये जॉर्जिया राज्याने चक्क लॉटरी काढून २०२.५ एकरांचे तुकडे वाटले. चिठ्ठीत नावं अर्थात गोऱ्यांचीच. मग गुलामांच्या जिवावर कापूस. थोड्या अंतरावर 'प्लेन्स ऑफ ड्युरा' नावाची वस्ती होती, नाव बायबलातलं. १८८० च्या दशकात रेल्वे आली तशी माणसं दुकानं घेऊन रुळांकडे सरकली, नावातलं ड्युरा गळालं, आणि १८९६ मध्ये रीतसर गाव झालं. तुम्ही पाहिलंत ते स्टेशन १८८८ चं. कार्टरांच्या प्रचाराचं ऑफिस तिथेच होतं. जागा रिकामी होती आणि तिथे संडास होता, म्हणून निवडली असं सांगतात!

आता माणसं कुठे गेली ते. गुलामगिरी गेली, पण जमीन मालकांकडेच राहिली, काळी कुटुंबं त्यांच्याकडे वाट्याने शेती करत राहिली. १९१५ च्या सुमारास बोल वीव्हिल जॉर्जियात शिरला. हा आपल्या बोंडअळीसारखा नाही, सोंडेचा भुंगा आहे, बोंडातच अंडी घालतो. कापूस बुडाला, भुईमूग पसरला, आणि असंख्य काळी कुटुंबं शिकागो, डेट्रॉइटच्या गाड्यांत बसली. कार्टर वाढले ते प्लेन्सजवळच्या आर्चरी वस्तीतल्या शेतावर, तिथे शेजारपाजार जवळजवळ सगळा काळ्यांचा होता. वीज १९३८ मध्ये आली. आज आर्चरीत उतरलात तर शेत आहे, घर आहे, शेजार नाही.

आणि खरं उत्तर माझ्या कामात आहे. पूर्वी वेल उपटायचे, माती झटकायची आणि जमिनीत रोवलेल्या खांबाभोवती रचून वाळू द्यायचे, सगळं हातांनी. घरातली पोरंसुद्धा जुंपलेली. आता डिगर वेल उपटून उताणे टाकतो, शेंगा वर, मुळं आभाळाकडे. दोन-तीन दिवस ऊन खाल्लं की कम्बाइन शेंगा तोडून ट्रेलर भरतं. माझ्यासमोर ट्रेलर उभा राहिला की वरून नळी खुपसून नमुना काढतात. मी शेंगा सोलते, ओलावा बघते. १०.४९ टक्क्यांच्या वर भरला तर ट्रेलर परत वाळवणीला. मग दाणे तळहातावर पसरून बुरशी शोधते. ट्रेलरसोबत आलेला माणूस एक, कधी त्याचा मुलगा. शेकडो एकरांचं पीक दोघांत निघतं. इथे राहून बाकीच्यांनी करायचं काय?

आकडेमोड:
ताईंचं पटलं, पण ५७३ या एका आकड्यावर एवढं रडू नका. १९७० ला ६८३, १९८० ला ६५१, १९९० ला ७१६, २००० ला ६३७, २०१० ला ७७६. ही घसरगुंडी नाही, झोका आहे. एवढ्या लहान गावात नर्सिंग होममधले लोक जनगणनेत तिथलेच रहिवासी धरले जातात, त्यामुळे काही खाटा रिकाम्या राहिल्या तरी आकडा हलतो. शिवाय २०२० मध्ये खासगीपणासाठी गावपातळीच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. ५७३ म्हणजे देवाघरची मोजदाद नव्हे. कल बघायचाच असेल तर प्लेन्स ज्यात येतं त्या सम्टर काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) बघा: २०१० ला ३२,८१९, २०२० ला २९,६१६. ते दुखणं खरं.

लालमाती:
झोका मान्य. पण वर जाताना कोण आणि खाली येताना कोण, ते आकडा सांगत नाही हो. याच काउंटीत १९४२ मध्ये कोइनोनिया फार्म निघालं, काळे-गोरे एकत्र राहायचे. पन्नाशीच्या दशकात त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही असा बहिष्कार होता, गोळ्याही झाडल्या. फार्म अजून आहे, अक्रोडासारखे पिकान विकतात. लोक फक्त पोटासाठीच गाव सोडत नाहीत, एवढंच.

विक्रोळीकरीण:
अहो, मुख्य गोष्ट कुणीच लिहिली नाही! कार्टरांची आई, लिलियन, पीस कोअरमधून (परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची संस्था) आमच्या मुंबईतल्या विक्रोळीला होती, १९६६ ते ६८, गोदरेज कॉलनीतल्या दवाखान्यात. वय अडुसष्ट! पेशाने नर्स. आमच्या आजीला तिच्याहून लहान असून जिना चढवत नसे.

लालमाती:
ताई, आता ऐका. आकडेमोड म्हणतात तसलं एक नर्सिंग होम प्लेन्सला आहे, आणि त्याला लिलियनबाईंचंच नाव आहे. पूर्वी ते वाइज सॅनिटेरियम नावाचं इस्पितळ होतं. बाई तिथे नर्स होत्या, आणि १ ऑक्टोबर १९२४ ला जिमी तिथेच जन्मले. इस्पितळात जन्मलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष.

पेन्शनर_बुवा:
सगळ्यांचे आभार. ती इमारत मी पाहिली हो! जावईबापू गाडी हळू करत होते, मीच म्हटलं, साधं नर्सिंग होम दिसतंय, पुढे चला. आता परत न्या म्हणायचं कसं, या विचारात आहे. मुलीला विक्रोळीचं सांगून बघतो, तिचं आजोळ तिथलंच.