शिडाच्या बोटीचा तळ: अँटीफाउलिंग (समुद्री जीव चिकटू न देणारा तळाचा रंग) मे महिन्यात मारायचं की ऑक्टोबरात?

कुलाबा_किनारा

नमस्कार मंडळी. बोट २६ फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. ओतीव लोखंडाची कील (तळाखालचा तोल सांभाळणारा जड पंख), आत छोटं डिझेल इंजिन, कांस्याचा पंखा. ऑक्टोबर ते मे मुंबई बंदरात मुरिंगवर (समुद्रतळाला पक्क्या बांधलेल्या बोयावर) असते, पावसाळ्यात यार्डात. या आठवड्यात उधाणाच्या भरतीला वर घेतोय. पाणरेषेखाली बार्नेकलचा (तळाला चिकटणाऱ्या कवचवाल्या समुद्री प्राण्यांचा) जाड थर आहे, पंखा तर पांढराच झालाय.

यार्डवाल्यांचं म्हणणं, "आत्ताच खरवडून रंग मारून टाकू, ऑक्टोबरात नुसती पाण्यात सोडायची." हे बरोबर आहे का? शिवाय जुना रंग कुठला आहे याची नोंद नाही. त्यावर काय बसेल, रंग किती लागेल आणि कीलचा गंज कसा काढायचा, हेही सांगा.

पाणरेषा

धुणं आत्ता, रंग ऑक्टोबरात. या दोन कामांमध्ये चार महिन्यांचं अंतर ठेवाच.

धुण्याची घाई अशी की पाण्यातून बाहेर आल्यावर पहिल्या तास-दोन तासांत तळावरचं शेवाळ आणि चिकटा ओला असतो, पाण्याच्या माऱ्याने पत्र्यासारखा सुटून येतो. मेच्या उन्हात एक दुपार वाळला की सिमेंट होतं. म्हणून बोट क्रेनच्या पट्ट्यात लटकत असतानाच प्रेशर वॉशर सुरू हवा. १०० ते १५० बार पुरे, चपट्या फवाऱ्याचा नोझल, तळापासून साधारण एक फूट लांब. टोकदार धारेचा नोझल लावू देऊ नका, जेलकोटमध्ये (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाह्य थरात) आधीच बारीक फोड असतील तर ती धार त्यांना उचकटते.

बार्नेकलचं कवच प्लॅस्टिकच्या किंवा कोपरे गोल केलेल्या लोखंडी खरवडणीने निघतं. पाते तळाला जवळजवळ समांतर धरायचं, उभं धरलं की जेलकोटमध्ये चर पडतात. कवच गेलं तरी खाली पांढरी गोल चकती राहते. तो प्राण्याचा चुनखडीचा तळ असतो आणि सिमेंटसारख्या डिंकाने चिकटलेला असतो. बरेच जण त्यावरच रंग मारतात. मग चकतीच्या कडेने रंग सुटतो आणि नवे बार्नेकल नेमके तिथेच बसतात, कारण त्यांच्या पिल्लांना आपल्या जातीच्या जुन्या जागा ओळखता येतात. चकत्यांवर पांढरं व्हिनेगर किंवा पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड लावा. फेस येतो, थांबतो, मग खरवडायचं आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. झिंक (बाकीचा धातू वाचवायला लावलेला, स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) आणि कील यांच्यावर ते जाऊ देऊ नका.

आता रंग ऑक्टोबरात का, ते. अँटीफाउलिंगमध्ये मारक घटक बहुतेक वेळा क्युप्रस ऑक्साइड असतो आणि तो पाण्यात हळूहळू सुटत राहिला तरच रंगाचा उपयोग. कडक जातीचा रंग हवेत महिनोन्‌महिने उभा राहिला की पृष्ठभागावरचं तांबं ऑक्सिडाइझ होतं आणि पाण्यात गेल्यावर काम करत नाही. म्हणजे जूनमध्ये मारलेला कडक रंग ऑक्टोबरात अर्धा मेलेला असतो. झिजणारे, स्वतःच पॉलिश होत जाणारे रंग कोरडं राहणं बरंच सोसतात. पण पावसाळ्यात तळावर माती उडते, बुरशी धरते, यार्डात शेजारच्या बोटीवर घासकाम चालतं. नवा रंग त्या वातावरणात ठेवून काय मिळणार?

आणि हवा. रंगाखालचा इपॉक्सी प्रायमर ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रतेत मारायचा नसतो आणि तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त लागतं. मेअखेरीला सकाळी दोन्ही अटी पाळणं अवघड, जूननंतर तर प्रश्नच नाही. ऑक्टोबरात पाऊस माघारी गेला की दहा ते तीनच्या दरम्यान काम होतं. संध्याकाळी उशिरापर्यंत इपॉक्सी मारलात तर रात्रीच्या दवाने त्यावर मेणचट, किंचित चिकट साय येते. ती आधी साबणपाणी आणि हिरव्या काथ्याने धुवायची, मगच पॉलिश पेपर. धुण्याआधी घासलंत तर ती साय पुढच्या थराखाली दाबली जाते आणि पुढच्या मोसमात रंग पापुद्र्यांनी निघतो.

नांगर_दोर

पाणरेषा यांचं सगळं मान्य. जुन्या रंगाबद्दल मी लिहितो.

ओल्या फडक्याने तळ जोरात चोळा. फडक्याला रंग आला तर झिजणारा, नाही आला तर कडक. ही परीक्षा पुरेशी आहे. झिजणाऱ्यावर कडक रंग मारायचा नाही, खालचा थर भुसभुशीत असल्याने वरचा कडक पापुद्रा तडकून निघतो. कडक घासून त्यावर झिजणारा चालतो. काहीच कळत नसेल तर मध्ये बांधणीचा थर द्या, विकत घेताना 'टाय कोट' किंवा 'सीलर' म्हणून मागा. नव्या रंगाचा थिनर जुन्या रंगाला उकलू नये म्हणून तो असतो. आधी हातभर जागेवर लावून दोन दिवस बघा, सुरकुत्या आल्या तर सगळं खरवडणं भाग आहे. जुने थर मिळून जाडी नखाएवढी झाली असेल तरीही खरवडाच, तेवढं वजन आणि खडबडीतपणा घेऊन बोट धावत नाही.

घासकाम नेहमी ओलं, ८० नंबरच्या वॉटर पेपरने. कोरडं घासलं की तांब्याची विषारी धूळ उडते. चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे हे हवंच, रुमाल बांधून भागत नाही. खाली ताडपत्री अंथरा आणि जमलेला गाळ पोत्यात भरून यार्डाच्या घातक कचऱ्यात द्या. पहिल्या पावसात तो खाडीत वाहून गेला तर तिथली कालवं आणि शिंपल्या तेच तांबं खातात.

जुन्या बोटीवर टीबीटीचा (ट्रायब्युटिल टिन या विषारी कथिल-संयुगाचा) रंग असण्याची शक्यताही धरून चला. जागतिक बंदी २००८ साली लागू झाली, त्याआधीचे थर खाली दडलेले असू शकतात.

पंखा_आणि_शाफ्ट

कील आणि धातूकाम माझ्याकडे.

ओतीव लोखंडाच्या कीलवर गंजाचे फोड दिसतात तेवढ्यावर हातोडीने ठोका, पोकळ आवाज येतो तिथपर्यंत सगळं उघडा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून भागत नाही, तो गंज चकचकीत करतो, काढत नाही. खरखरीत फ्लॅप डिस्कने राखाडी चमकदार धातू दिसेपर्यंत या. मग गोड्या पाण्याने धुवा, कारण खड्ड्यांतलं मीठ राहिलं तर त्यावर कुठलाही प्रायमर फुगतो. वाळवा आणि त्याच दिवशी, शक्यतो तास-दोन तासांत पहिला इपॉक्सी थर. समुद्राकाठच्या हवेत उघडं लोखंड दुपारपर्यंत नारिंगी पडतं. एकूण चार-पाच थर द्या. तांब्याचा रंग आणि लोखंड यांच्यामध्ये अखंड पडदा हवा, नाहीतर अँटीफाउलिंगमधलं तांबंच कीलला खातं. हे काम ऑक्टोबरातच करा. मेमध्ये केलं तर इपॉक्सीला मिळणारी हवा आधीच दमट असते.

पंख्यावर अँटीफाउलिंग टिकत नाही, फिरताना निघून जातं. बार्नेकल काढून कांस्य पिवळंधमक करा. पात्यांच्या मुळाशी आणि बॉसच्या (पंख्याच्या मधल्या गाभ्याच्या) मागे राहिलेली एक चकतीसुद्धा थरथर आणते. मग पंख्यासाठी मिळणारं सिलिकॉनचं लेपन किंवा निदान लॅनोलिन (लोकरीचं मेण) लावा. पातं घासताना रंगाकडे बघा. गुलाबी ठिपके दिसले तर धातूतलं जस्त निघून गेलंय आणि तो भाग ठिसूळ आहे. सीकॉकचंही (तळातल्या पाण्याच्या भोकावरच्या झडपेचंही) तसंच: स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडून बघा, पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर बदला. सीकॉक तुटला तर बोट मुरिंगवरच बुडते, म्हणून यात कंजुषी नको.

झिंक अर्धं झिजलं की नवं. खालची जागा उघड्या धातूपर्यंत घासून बसवा आणि मल्टिमीटरने झिंक ते शाफ्ट (पंख्याचा दांडा) रेझिस्टन्स मोजा, एक ओहमपेक्षा कमी हवा. झिंकवर रंग लागू देऊ नका, रंगवलेलं झिंक असून नसल्यासारखं. उलट मोसमभर पाण्यात राहून नव्यासारखंच बाहेर आलं तर खूश होऊ नका, त्याचा संपर्क तुटलेला आहे.

शाफ्टच्या रबरी बेअरिंगला ग्रीस लावू नका, ते पाण्यावर चालतं. त्याच्या खाचांतले बार्नेकल मात्र लाकडी काडीने काढा. खोली मोजायच्या सेन्सरवर नेहमीचा रंग नको, थिनर त्याचा चेहरा खातो. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारा वेगळा रंग असतो, पातळ एकच हात.

कुलाबा_किनारा

मनापासून आभार. बोट काल वर आली, पट्ट्यातच धुतली, बार्नेकल बऱ्यापैकी निघाले. मापं: पाणरेषेची लांबी ६.६ मीटर, रुंदी २.५, खोली १.४. कील मध्यम लांबीची. आणि उजव्या बाजूला पाणरेषेखाली वाटाण्याएवढे दहा-बारा फोड दिसतायत. एक दाबला तर आंबूस वासाचं पाणी आलं.

पाणरेषा

आधी फोड. तो आंबूस वास ऑस्मोसिसचा. पाणी जेलकोटमधून आत झिरपतं, राळेतले सुटे घटक विरघळवतं, तो आम्लधर्मी द्रव आणखी पाणी ओढतो आणि दाब वाढतो. गॉगल घातल्याशिवाय टोचू नका, पिचकारी डोळ्यात जाते. दहा-बारा फोडांना घाबरण्याचं कारण नाही, सगळा जेलकोट सोलण्याची वेळ तळभर पुरळ असेल तेव्हा येते.

हे मात्र आत्ताच करा: प्रत्येक फोड रुपयाच्या नाण्याएवढा बशीसारखा उघडा आणि उघडाच ठेवा. पावसाळाभर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने ब्रशने धुवा. आतला द्रव धुऊन निघाल्याशिवाय तो खड्डा कितीही वाळवलात तरी कोरडा होत नाही, म्हणून चार महिने मिळतायत ते वापरा. पाऊस गेल्यावर वाळवा. ओल तपासायला फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा, उन्हाच्या एका दिवसानंतर आतून थेंब दिसले तर थांबा. मग इपॉक्सीचा हात आणि इपॉक्सीचीच लांबी (खड्डे भरायची पुट्टी). गाडीच्या डेंटिंगची पॉलिस्टर लांबी स्वस्त पडते, पण ती पाणी पिते आणि पुढच्या वर्षी तोच फोड परत येतो.

रंगाचा हिशेब: लांबी गुणिले (रुंदी अधिक खोली), आणि मध्यम कीलसाठी त्याचे पाऊण. ६.६ गुणिले ३.९ म्हणजे २५.७, त्याचे पाऊण १९ चौरस मीटर. एका लिटरमध्ये प्रत्यक्षात ८ चौरस मीटर धरा. दोन हात म्हणजे पावणेपाच लिटर. पाणरेषेचा फूटभर पट्टा, कील आणि सुकाणूच्या पुढच्या कडा यांना तिसरा हात द्यायचाच, तिथे ऊन आणि प्रवाह दोन्ही जास्त. एकूण साडेपाच लिटर.

पहिला हात लाल, दुसरा निळा घ्या. मोसमात निळ्यातून लाल दिसू लागलं की तिथला रंग संपत आला हे पाण्यातूनही कळतं. डबा उघडल्यावर तांबं तळाशी चिखलासारखं बसलेलं असतं, सपाट पट्टीने तळ खरवडत पाच मिनिटं ढवळा आणि मारतानाही अधूनमधून ढवळत राहा. नाहीतर वरचा अर्धा डबा नुसता रंग आणि खालचा नुसतं तांबं. आखूड लवेचा रोलर घ्या, स्पंजचा थिनरमध्ये विरघळतो. नव्या इपॉक्सीवर पहिला हात तो अंगठ्याला चिकटतो पण बोटावर येत नाही अशा अवस्थेत मारायचा. पूर्ण कडक झाल्यावर मारलात तर आधी घासणं आलं.

टेकूंच्या गाद्यांखालची जागा बोट पट्ट्यात उचलल्यावर रंगवा. टेकू स्वतः हलवू नका, वजन कीलवर असलं तरी तोल टेकूंवर आहे.

सागवान_तळ

फायबरसाठी सगळं ठीक, पण लाकडी बोटवाल्यांनी "चार महिने कोरडी ठेवा" हे वाचून तसंच करू नये. फळ्या आकसतात, सांध्यांतला कापूस सैल होतो आणि ऑक्टोबरात सोडली की पाणी भसाभस येतं. सावलीत, झावळ्या किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवा, हवा खेळू द्या. पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस पंप घेऊन जवळ कोणीतरी हवं, फळ्या फुगेपर्यंत. रंगात एकही ओरखडा ठेवू नका: टेरेडो (लाकूड पोखरणारा समुद्री जीव) टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आतून बोटभर बोगदे करतो. बाहेरून काही दिसत नाही.

नांगर_दोर

पाण्यातल्या सफाईचं राहिलं. इथल्या कोमट पाण्यात दर दोन-तीन आठवड्यांनी तळ पुसला तर बार्नेकल रुजतच नाहीत. नुसतं शेवाळ असेल तेव्हा मऊ स्पंज, तोही हलका. झिजणाऱ्या रंगावर कडक ब्रश मारलात आणि पाण्यात रंगाचा ढग दिसला, तर मोसमाचा रंग तुम्ही एका सकाळी उतरवताय.

मुंबई बंदरात उधाणाला पाण्याचा चढउतार साडेतीन मीटरच्या वर जातो, ओढ जबर आणि हात दिसत नाही इतका गढूळपणा. भांगाचे (कमी चढउताराचे) दिवस निवडा, भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं ती वेळ धरा. इंजिन बंद, किल्ली उतरणाऱ्याच्या ताब्यात, डेकवर एक माणूस आणि तळाखालून आडवा दोर धरायला. जाड हातमोजे घाला, बार्नेकलची जखम चिघळते. उतरायचं नसेल तर जुन्या गालिच्याचा तीन-चार फुटांचा पट्टा दोन दोरांना बांधून तळाखालून दोन्ही बाजूंनी ओढा, कीलच्या पुढे एकदा आणि मागे एकदा. कील आणि पंखा त्याने साफ होत नाहीत. पण तळाचा मोठा भाग होतो.

कुलाबा_किनारा

फोड आज उघडले, एकूण चौदा निघाले. ओल्या फडक्याला निळा रंग आला, म्हणजे जुना रंग झिजणाराच. यार्डाला ऑक्टोबरातलं रंगकाम कळवलंय. एक सीकॉक खरवडल्यावर गुलाबी निघाला, तो या आठवड्यातच बदलतोय.

पंखा_आणि_शाफ्ट

बदलताना कांस्याचाच घ्या. पितळेचा दिसायला सारखाच असतो आणि दुकानात तोच आधी पुढे करतात. नळीला दोन क्लिप लावा, शेजारी दोरीने लाकडी गुडदी बांधून ठेवा. बाकीचे सीकॉकही त्याच दिवशी खरवडून बघा, एकाच वेळी बसवलेले असतील तर वयही एकच आहे.